बांधाच्या आत, बांधाच्या बाहेर

जूनमधला पहिला मोठा पाऊस पडून गेला की ओढ्याला नवे पाणी येते. चहाच्या रंगाचे, फेसाळ, काडीकचरा घेऊन धावणारे. या पाण्याची एक काचेची बाटली भरावी आणि रात्रभर ओसरीवर ठेवून द्यावी. सकाळी तळाशी गाळ बसलेला असतो आणि वरचे पाणी बरेचसे निवळलेले असते. तो गाळ बोटांत घेऊन चोळला तर लोण्यासारखा मऊ लागतो. शेतातली सगळ्यात बारीक आणि सगळ्यात कसदार माती तीच. वरचे पाणी मात्र नुसते दिसायला स्वच्छ असते. त्यात खतातून आलेले नायट्रेट असू शकते, शेणातले जंतू असू शकतात, तणनाशकाचा अंश असू शकतो. डोळ्यांना यातले काहीच कळत नाही.

या बाटलीतला एकही पदार्थ काल शेतात होता तेव्हा घाण नव्हता. ती माती होती, खत होते, शेण होते, औषध होते. कुणीतरी पैसे मोजून, घाम गाळून ते तिथे आणले होते. बांध ओलांडला आणि त्याचे नाव बदलले. बांधाच्या आत जे धन, तेच बांधाच्या बाहेर प्रदूषण. पाणी राखणे म्हणजे पुष्कळ अंशी आपले धन बांधाच्या आत राखणे होय. ते कसे राखायचे, आणि जिथे राखण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याला पेलणार नाही तिथे तो कुणी उचलायचा, हे या प्रकरणात पाहू.

इथे शेतकरी एक रास्त प्रश्न विचारील. शहरांची गटारे सरळ नदीत सोडलेली असताना आमच्या पसाभर खताने काय होणार? भीमा आणि पंचगंगा यांसारख्या नद्या बिघडण्यात शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी हे मोठे कारण आहे, यात वाद नाही. पण गावाच्या वरच्या अंगाला शहर नसते. आपली विहीर, आपला ओढा, आपला पाझर तलाव यांच्या वर असतात ती आपलीच शेते आणि आपलेच गोठे. ते पाणी कुणाच्या हातात असेल तर आपल्याच.

तळाशी बसलेली माती

पावसाचा मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या ढेकळावर असे लाखो थेंब आपटले की ढेकूळ फुटते, मातीचे कण सुटे होतात आणि त्यांतले बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात. वर पातळ पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, पळते, आणि पळताना सुटलेली माती सोबत नेते. धूप सुरू होते ती अशी, थेंबाच्या माराने. शेतात दिसणारी घळ ही फार पुढची अवस्था असते.

एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २ लाख लिटर पाणी पडते. या पाण्याने एकरावरून मिलिमीटरभर जाडीचा थर नेला, तर डोळ्यांना काही कळतही नाही. पण हिशेब केला तर तो सुमारे ४ घनमीटर भरतो. ब्रासच्या मापात जवळजवळ दीड ब्रास, वजनात ५ टनांहून अधिक. तलावातला गाळ विकत आणून शेतात पसरणाऱ्या कुणालाही दीड ब्रास मातीची किंमत सांगायला नको. निसर्गाला इंचभर माती घडवायला शतके लागतात.

मातीबरोबर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जातो. स्फुरदाचा स्वभाव मातीच्या कणाला चिकटून राहण्याचा आहे. त्यामुळे जिथे माती जाते तिथे तोही जातो, आणि तलावाच्या तळाशी जाऊन बसतो. पिकाला जे पोषण, तेच शेवाळालाही पोषण. एक किलो फॉस्फरस कोरड्या वजनाचे साधारण शंभर किलो शेवाळ पोसू शकतो. शेवाळ वाढते, मरते, कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासे गुदमरतात, पाण्याला वास सुटतो. जलपर्णीलाही हाच खुराक लागतो.

यावरचा उपाय महाराष्ट्राला नवा नाही. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि अवर्षणी मुलखात पाणी व माती शेतातच कशी थोपवावी याचे प्रयोग तिथे होऊ लागले. १९४२ साली त्या वेळच्या मुंबई प्रांताने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि समपातळीतल्या बांधबंदिस्तीला सरकारी बळ मिळाले. आज आपण ज्याला बांधबंदिस्ती म्हणतो, तिच्यामागे असा मोठा अनुभव उभा आहे.

पण गावोगावचे बांध आज कसे आहेत? दरवर्षी नांगराचे एखादे तास इकडून जाते, एखादे तिकडून. बांध कोरण्यावरून भाऊबंदकीचे खटले वर्षानुवर्षे चालतात आणि तोवर बांधाची उरते एक वरंबी. उरलेल्या बांधावर तणनाशक मारून तो उघडा केला जातो, किंवा उन्हाळ्यात पेटवून दिला जातो. उघडा बांध पहिल्याच वळवाने खचतो. बांध टिकतो तो गवताच्या मुळांनी. मारवेल, पवना, हरळी यांनी धरलेला बांध पाणी गाळून सोडतो आणि जनावराला वैरण देतो ती वेगळीच. बांधावर गिरिपुष्प लावले तर त्याचा पाला हिरवळीचे खत होतो. कर्नाटकातल्या गुंडलूपेट भागातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, म्हणून तो शेजारच्या पिकाच्या वाट्याला जात नाही. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी याच गवताच्या समपातळीतल्या ओळींचा जगभर प्रसार केला.

बांधाइतकाच महत्त्वाचा सांडवा. जादा पाण्याला शेताबाहेर जायला वाट हवीच. ती आपण दिली नाही तर पाणी स्वतः करून घेते, आणि बांधच फोडते. सांडवा दगडाने पिचिंग केलेला, पुढे थोडे गवत राखलेला असला की पाणी उडी न मारता उतरते आणि गाळ गवतातच ठेवून जाते.

बांधाच्या आतल्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करणे. सोयाबीनसारख्या पिकाला रुंद सरी-वरंबा. आणि जमीन शक्य तेवढी झाकलेली ठेवणे. उसाचे पाचट हे त्याचे सगळ्यात जवळचे उदाहरण. एका हेक्टरच्या उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. काडी लावली की तासाभरात त्याची राख होते आणि रान उघडे पडते. तेच पाचट सरीत दाबले तर थेंबाचा मार मातीला लागत नाही, ओल टिकते आणि पाचट कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो. ज्या मातीत सेंद्रिय कर्ब अधिक, तिचे ढेकूळ पाण्यात सहज विरत नाही. कुणालाही घरी करून पाहता येईल. शेतातले एक ढेकूळ आणि कधीही न नांगरलेल्या बांधावरचे एक ढेकूळ दोन पेल्यांत पाण्यात सोडावे. पहिले बहुधा विरघळत खाली बसते, दुसरे आकार धरून राहते.

न दिसणारे मीठ

आता बाटलीतल्या निवळ पाण्याकडे वळू. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या एका पोत्यात सुमारे २१ किलो. युरिया जमिनीत पडला की आधी त्याचा अमोनिया होतो आणि मग जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पीक मुख्यतः हे नायट्रेटच उचलते. पण त्याच्या स्वभावात एक खोट आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋण भारच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. ते पाण्यासोबत हलते. मुळांच्या खाली उतरले की पिकाला ते गेले, विहिरीला आले.

विहिरीपर्यंतची वाट आपल्याकडे जवळची आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर उभा आहे. या खडकात पाणी साठते ते मुरमात, भेगांत आणि मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत. वाळूच्या जाड थरातून झिरपताना पाणी जसे गाळले जाते, तसे भेगेतून वाहताना गाळले जात नाही. उथळ जमिनीवर टाकलेले खत आणि शेजारच्या विहिरीतले पाणी यांच्यात कधीकधी काही फुटांचा मुरूमच असतो.

किती खत पुरते? पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. एका पोत्यातले सगळे नत्र नायट्रेट होऊन बाहेर पडले तर त्याचे वजन ९० किलोंवर जाते, आणि ते सुमारे २० लाख लिटर स्वच्छ पाणी या मर्यादेपर्यंत आणून ठेवू शकते. सगळे पोते अर्थातच वाहून जात नाही. समजा दहावा हिस्सा गेला, साडेचार किलो. एवढा युरिया २ लाख लिटर पाण्याला पुरतो. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत सात मीटर पाणी असेल तर ते साधारण तेवढेच भरते. साडेचार किलो युरिया, एक भरलेली विहीर.

या मर्यादेमागे तान्ह्या बाळांची काळजी आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणारी बाळे निळी पडत होती, आणि त्या विहिरींत नायट्रेट फार होते. काही महिन्यांच्या बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. पाणी उकळून हा धोका जात नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट तसेच राहते. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. आपल्याकडे पाणी उकळून पिण्याची सवय चांगली आहे, पण या बाबतीत ती कामाची नाही, हे घराघरात माहीत असायला हवे.

उपाय खत बंद करण्याचा नाही. पिकाला लागेल तेव्हा, लागेल तेवढे देण्याचा आहे. आडसाली उसासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. सगळे युरियातून द्यायचे म्हटले तर एकरी जवळजवळ ८ पोती. पण त्या शिफारशीतच हप्तेही सांगितलेले आहेत. लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. आकडा लक्षात राहतो आणि हप्ते विसरले जातात, तिथे विहीर बिघडते. लहान रोपाला मोठा हप्ता दिला तर त्याची मुळे तो उचलूच शकत नाहीत, आणि मागून पाटाने भरपूर पाणी सोडले की उरलेले खत खाली जाते.

ठिबकातून थोडेथोडे खत देणे हा याचा सगळ्यात नेमका मार्ग, कारण पाणी मुळांच्या खाली फारसे जात नाही. ठिबक नसेल तर खत मातीआड करणे, जोराच्या पावसाचा अंदाज असताना ते न टाकणे आणि दोन पाळ्यांमधले पाणी मोजून देणे एवढेही पुष्कळ काम करते. २०१५ पासून देशातला सगळा युरिया निंबोळी तेलाचे आवरण देऊन येतो. निंबोळी नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना काही काळ थोपवते, म्हणून नत्र सावकाश सुटते. आणि या सगळ्याच्या आधी माती परीक्षण. सरकारी अनुदानामुळे युरियाचे पोते पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, म्हणून एक मूठ जास्त टाकायला हात आखडत नाही. त्या जास्तीच्या मुठीची खरी किंमत विहिरीत मोजली जाते.

गोठा, उकिरडा आणि विहीर

बाटलीतला तिसरा ऐवज जिवंत असतो. शेणामुतातले जंतू. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू एकही सापडता कामा नये, असा दंडक आहे. तो सापडला याचा अर्थ पाण्यापर्यंत विष्ठा पोहोचली, माणसाची किंवा जनावराची. मग कावीळ, जुलाब, विषमज्वर यांच्या वाटाही उघड्याच.

गावात पाहिले तर विहीर, गोठा आणि उकिरडा सहसा जवळजवळ असतात, कारण सगळ्यांना पाणी लागते आणि सगळे घरापासून जवळ हवे असते. उकिरडा खड्ड्यात असतो, पावसात भरतो, आणि त्यातून तपकिरी पाणी झिरपते. त्या तपकिरी पाण्यात खताचा सगळा जीव असतो. त्याने शेणखताचा कस जातो आणि विहिरीची चवही.

याच दुखण्यावर विदर्भातल्या एका माणसाने आयुष्य घातले. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांची पद्धत नाडेप म्हणून ओळखली जाते. जमिनीच्या वर बांधलेले विटांचे टाके, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी झरोके. आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर, वरून शेणमातीचा लेप. थोड्या शेणात पुष्कळ खत व्हावे हा त्यांचा हेतू होता. पाण्याच्या बाजूने पाहिले तरी ते टाके मोलाचे आहे. खत जमिनीच्या वर आणि झाकलेले राहते, त्यामुळे पावसाचे पाणी त्यातून गाळले जात नाही.

गोठ्यासाठीही अशाच साध्या गोष्टी आहेत. तळाला फरशी किंवा कोबा, मूत्र गोळा करणारी नाली आणि तिच्या टोकाला टाकी. मूत्र हे नत्राचे द्रावणच आहे, ते जीवामृताला वापरा किंवा पाण्यात मिसळून पिकाला द्या, पण ओढ्याला देऊ नका. छपराचे पाणी पन्हळीने बाजूला काढा, म्हणजे ते शेणावरून वाहणार नाही. जनावरांना ओढ्यात उतरवण्याऐवजी काठापासून दूर हौद बांधा. जनावर पाण्यात उभे राहिले की तिथेच शेण टाकते आणि खुरांनी काठ ढासळवते. विहिरीला कठडा हवा, भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला ओटा हवा, आणि उकिरडा तिच्यापासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला हवा.

इथे एक धोका सांगायला हवा, कारण तो चांगल्या हेतूच्या आडून येतो. विहीर आणि बोअरचे पुनर्भरण आता बऱ्याच गावांत होते. ते व्हायलाच हवे. पण शेतातले किंवा ओढ्याचे पाणी पाइपाने थेट विहिरीत सोडले तर आपण त्या बाटलीतला सगळा ऐवज पाताळात पोहोचवतो. मातीच्या थरांनी जे थोडे गाळले असते तेही टळते. आधी गाळ बसवणारी टाकी, मग दगडगोटे, खडी आणि वाळू यांची गाळण टाकी, आणि त्यानंतरच विहीर. हंगामातले पहिले पाणी विहिरीत मुळीच घेऊ नये. फवारणी झालेल्या रानाचे पाणीही घेऊ नये. गाळणीतून माती अडते, विरघळलेले नायट्रेट आणि औषध अडत नाही. छपराचे पाणी पुनर्भरणाला सगळ्यांत चांगले.

पंप कुठे धुतला?

तणनाशके आणि कीटकनाशके यांचा हिशेब किलोंत नाही, ग्रॅममध्येही नाही. मका आणि उसात वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅट्राझीन या तणनाशकाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे १ ग्रॅम अ‍ॅट्राझीन ५ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत आणते. बाजारातल्या ५० टक्क्यांच्या भुकटीत हा १ ग्रॅम फक्त २ ग्रॅम भुकटीत असतो. वरची आपली भरलेली विहीर धरली तर अशा अडीच विहिरींसाठी चिमूटभर भुकटी.

ही चिमूट जाते कुठून? आपल्याला वाटते फवारलेल्या शेतातून. तिथून जातेच. पण ओढ्यात सापडणाऱ्या औषधांचा मोठा वाटा एकाच जागेवरून येतो, जिथे पंप भरला जातो आणि धुतला जातो ती जागा. युरोपात झालेल्या अभ्यासांनी हे पुन्हापुन्हा दाखवले आहे. आपल्याकडेही ती जागा डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. विहिरीचा काठ, हौदाची कड, ओढ्यातला दगड. पाणी जवळ म्हणून सगळे तिथेच. औषध मापताना सांडते, पंप ओसंडतो, उरलेले द्रावण ओतले जाते, रिकामी बाटली तिथेच फेकली जाते.

म्हणून पहिला नियम, पंप पाण्यापाशी न्यायचा नाही, पाणी पंपापाशी आणायचे. दुसरा, लागेल तेवढेच द्रावण करायचे. तिसरा, रिकामी बाटली तीनदा विसळायची आणि ते पाणी त्याच पंपात ओतून पिकावर मारायचे. बाटलीला चिकटलेले औषधही पैसे देऊनच आणलेले असते. पंप धुतलेले पाणीही त्याच रानावर, पाण्यापासून दूर.

स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांसाठी एक साधी सोय निघाली, बायोबेड. जमिनीत खड्डा, तळाशी चिकणमातीचा थर, आणि वर निम्मा पेंढा, पाव हिस्सा कुजलेला सेंद्रिय पदार्थ व पाव हिस्सा माती यांचे मिश्रण. पृष्ठभागावर गवत. पंप या खड्ड्यावरच भरायचा आणि धुवायचा. पेंढ्यावर वाढणारी बुरशी लाकडातले चिवट घटक मोडू शकते, आणि त्याच ताकदीने ती पुष्कळ औषधांचे रेणूही मोडते. पेंढा, शेणखत आणि माती आपल्याकडे कुठल्या गावात नाही? वर छप्पर घातले तर पावसाळ्यातही तो खड्डा काम करील. चार शेतकऱ्यांत मिळून एक पुरेल.

काठाचे दहा गुंठे

एवढे करूनही काही पाणी बांध ओलांडणारच. त्याच्यासाठी शेवटची चाळणी म्हणजे ओढ्याचा काठ. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज, निर्गुडी, खाली लव्हाळे आणि गवत असा हिरवा पट्टा काठाला असला की वाहते पाणी मंदावते आणि गाळ खाली ठेवते. मुळे काठ धरून ठेवतात. जमिनीखालून ओढ्याकडे झिरपणारे नायट्रेट झाडे उचलतात. आणि ओढ्याकाठच्या ओलसर, हवा कमी असलेल्या मातीतले जिवाणू नायट्रेट मोडून त्याचा निरुपद्रवी नत्रवायू करतात. हवेत जो वायू मुळातच भरलेला आहे, त्यातच तो परत जातो. निव्वळ झाडे आणि चिखल हे काम फुकट करतात.

पण शेतकऱ्याच्या हिशेबात ते फुकट नसते. ओढ्याची १०० मीटर लांबी आणि १० मीटर रुंद पट्टा धरला तर जवळजवळ १० गुंठे होतात. ज्याची जमीनच दोन एकर आहे, त्याच्या ८० गुंठ्यांतला तो आठवा हिस्सा. आत्तापर्यंत सांगितलेले बहुतेक उपाय शेतकऱ्याचे पैसे वाचवणारे होते. माती राहिली त्याचीच, खत राहिले त्याचेच. काठाचा पट्टा तसा नाही. त्याचा लाभ खालच्या गावाला आणि तोटा वरच्या शेतकऱ्याला. म्हणूनच ओढे दरवर्षी अरुंद होत जातात आणि नुसत्या उपदेशाने रुंद होत नाहीत.

या पेचाची उकल न्यू यॉर्क शहराने केली, तिची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. सुमारे ९० लाख लोकांना पुरणारे त्या शहराचे पाणी बहुतांशी कॅट्सकिल डोंगर आणि डेलावेअर नदीचे खोरे इथून येते. काही जलाशय शहरापासून २०० किलोमीटरवर आहेत. भोवती जंगल आणि दुधाचा धंदा करणारी लहान शेते. १९८९ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने नियम केला की भूपृष्ठावरचे पाणी पिण्यासाठी वापरायचे तर ते गाळलेच पाहिजे, किंवा पाणलोट निर्मळ राखल्याची खात्री दिली पाहिजे. गाळणी उभारण्याचा अंदाज ६ ते ८ अब्ज डॉलरचा होता.

शहराने आधी वरच्या शेतांवर कडक बंधने घालायचे ठरवले. शेतकरी खवळले. शहराच्या तहानेसाठी आम्ही धंदा का बंद करायचा, असा त्यांचा सवाल होता, आणि तो योग्यच होता. मग दोन्ही बाजू बोलायला बसल्या आणि वेगळी तोड निघाली. १९९३ साली शेतकऱ्यांच्याच पुढाकाराची एक परिषद उभी राहिली. भाग घेणे ऐच्छिक, खर्च शहराचा, आणि प्रत्येक शेताचा आराखडा त्या शेतकऱ्याबरोबर बसून करायचा. अट एवढीच की ठरलेल्या मुदतीत ८५ टक्के शेतकरी सहभागी झाले पाहिजेत. ते झाले. ओढ्यांना कुंपणे पडली, गुरांसाठी हौद झाले, काठांवर झाडे लागली. वासरांच्या शेणातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा क्लोरीनलाही न जुमानणारा परजीवी पसरतो, म्हणून वासरांचे गोठे सुधारले. १९९७ साली शहर, राज्य आणि पाणलोटातली गावे यांच्यात मोठा करार झाला. कॅट्सकिल-डेलावेअरचे पाणी आजही गाळणीविना शहरात येते, निर्जंतुक तेवढे केले जाते. वरच्या माणसाने पाणी राखले, खालच्याने त्याचा मोबदला दिला.

आपल्याकडे शेते लहान आहेत, पैसा कमी आहे. पण पाण्यासाठी करार करण्याची अक्कल आपल्याला बाहेरून आणायची नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायतीची वाट घातली. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांवर, आणि ऊस नाही, हे नियम लोकांनी स्वतःवर घालून घेतले. हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. पाणी किती वापरायचे याचा करार जिथे होऊ शकला, तिथे पाणी कसे राखायचे याचाही होऊ शकतो. ज्या ग्रामपंचायतीची पाणीयोजना ओढ्याकाठच्या विहिरीवर आहे, तिने त्या विहिरीच्या वरच्या बाजूला पट्टा सोडणाऱ्या चार शेतकऱ्यांना पाणीपट्टीतून दरवर्षी काही रक्कम द्यावी. बांबू, वैरणीचे गवत, फळझाडे यांचे उत्पन्न त्यांचेच राहावे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर विहिरीतल्या नायट्रेटचा आकडा त्यांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. आकडा सगळ्यांसमोर आला की मोबदला कशासाठी द्यायचा हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

सांडव्यापाशी

शेतकरी पावसाळ्यात बी पाहतो, आभाळ पाहतो, पिकाचा रंग पाहतो. त्यात आणखी एका गोष्टीची भर घालावी. पहिल्या मोठ्या पावसात, पाऊस चालू असतानाच, डोक्यावर इरले घेऊन आपल्या शेताच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, सांडव्यापाशी जाऊन उभे राहावे. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग पाहावा. ते कुठून वळण घेते, कुठल्या सरीतून माती आणते, उकिरड्यावरून येते का, शेवटी कुणाच्या विहिरीच्या दिशेने जाते, हे त्या अर्ध्या तासात जेवढे कळते तेवढे पुढे वर्षभर कळत नाही, कारण पाऊस थांबला की पाणी आपली वाट पुसून टाकते.

आणि जाताना काचेची बाटली न्यावी. ती भरून, झाकण लावून, वर साल लिहून ओसरीच्या फळीवर ठेवावी. पुढच्या जूनमध्ये तिच्या शेजारी दुसरी ठेवावी. बांधावर गवत धरले असेल, पाचट राखले असेल, तर दुसऱ्या बाटलीतला गाळ कमी भरेल. तेवढी माती त्या वर्षी घरी राहिली. वरचे पाणी डोळ्यांना कळणार नाही, ते तपासायला द्यावे लागेल. ते पाणी खालच्या आळीतली एखादी बाई उद्या हंड्यात भरणार आहे, आणि आपल्या हंड्यातले पाणी वरच्या कुणाच्या तरी सांडव्यावरून आलेले आहे.